आंबट बंद

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

आदरणीय अक्का,
सप्रेम जयभीम.

आज रत्नमालाला जाऊन चौदा दिवस झाले. सकाळी विशाखा पुण्याला परत गेली. तिची रजा संपली होती. मी स्टँडवर सोडायला गेलो. येताना दूध घेतलं. अर्धा लिटर घ्यायची सवय आहे, तेवढंच घेतलं आणि संध्याकाळपर्यंत निम्मं नासलं. दुपारी रत्नमालाच्या साड्या लावून ठेवल्या. विशाखाने आईची आठवण म्हणून चार नेल्या. हिरवी, काठाची, तुमच्यासाठी ठेवली आहे. तिच्या जलदान विधीच्या दिवशी तुम्ही त्या साडीवरून हात फिरवत होता. या पत्राबरोबर पाठवतो.

कडुबा तुमच्या शेजारचा आणि रोज शहरात कामाला येतो, हे बरं आहे. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि अप्पारावांजवळ निरोप दिला तर तो अर्धाच पोहोचतो. म्हणून कडुबाच्या हाती पत्र देत जाईन. रत्नमाला तुम्हाला दर पंधरा दिवसांनी लिहायची, तसं लांब मला जमणार नाही.

निघताना तुम्ही विचारलं होतं, दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलं आहे. पायाच्या जखमेतून जंतू रक्तात गेले, असं लिहिलं आहे. तेवढंच.

अप्पारावांना जयभीम. तब्येतीला जपा.

आपला,
इंद्रजीत


मळा, फुलंब्री
सोमवार, १७ नोव्हेंबर

इंद्रजीतराव,
जयभीम.

साडी पोचली. नेसायला मन होत नाय. पेटीत ठेवलीय.

दूध नासलं म्हणून लिहिलंत. पाव लिटर घेत जा आन् नासायच्या आत चहा करून प्या. तुमच्या चहाला रत्नी लई हसायची. म्हणायची, "अक्का, ह्यांचा चहा म्हंजे गरम पाण्याला पत्तीची नुसती ओळख करून दिलेली." तरी रोज प्यायची. तुम्हाला कधी बोलली नसंल.

मला एक विचारायचंय. माझे कान गेलेत, डोळे नाय गेले. दवाखान्यात ती चष्म्याची डॉक्टर पोरगी तुम्हाला खाटेपासून लांब घेऊन गेली होती. मी बाकावर बसून बघत होते. आधी तुम्ही बोलत होते, बोटं मोजून काहीतरी सांगत होते. मग ती बोलली. मग तुम्ही भिंतीला हात लावला. मी विचारलं तर मान हलवली, काही नाय म्हणून. आता लिहिता जंतू. अप्पारावच्या पायाला कुऱ्हाड लागली होती, बोटभर खोल, पंधरा दिवसांत भरली. माझ्या बहिणीला खाटेचा कोपरा लागला नडगीला, ती जखम आठ महिने वाहिली आन् तिला घेऊन गेली. असं कसं व्हईल?

धीर वाटावा अशी एकच गोष्ट हाय. पोरीनं पथ्य शेवटपर्यंत पाळलं. आमच्या आईनं आम्हाला लहानपणापासून हेच शिकवलं, हाड दुखलं की आंबट बंद, जखम झाली की आंबट बंद. मी रत्नीला सांगितलं आन् तिनं जीभ बांधून ठेवली. भेटायला येणाऱ्या बायांना मी सांगते, आमच्याकडून काही कमी पडलं नाय.

माझेही गुडघे धरलेत. जलदानाच्या दिवसापासून तिचं पथ्य मी घेतलंय. तिनं जिथं सोडलं तिथून पुढं मी. लिंबू नाय, चिंच नाय, टमाटं नाय, दही नाय, कुठलंच फळ नाय. पालेभाजी वातूळ म्हणून तीही नाय. भाकरी, मुगाचं वरण आन् चहा. मोसंबीची बाग व्यापाऱ्यानं तोडून नेली, चार झाडं घरासाठी राखलीत, ती पिवळी होऊन गळतायत. अप्पाराव वरडतो, "बहीण गेली तर तू कशापायी सुकतीस?" मला ऐकू येत नाय, पण त्याचं तोंड वाचता येतं. चाळीस वर्षं संसार केलाय, तेच तोंड हाय.

डॉक्टर काय म्हणाली ते लिहा.

मनकर्णा


मुकुंदवाडी
रविवार, २३ नोव्हेंबर

आदरणीय अक्का,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. डॉक्टरबाई सहीबद्दल बोलत होत्या. बोटं मोजत होतो ते औषधांची नावं सांगत होतो. दोन दिवस झोप नव्हती म्हणून भिंतीला हात लावला असेल. दुसरं काही नव्हतं.

मंगळवारी गुलमंडीत गेलो होतो. तिने दिवाळीच्या आधी एक ब्लाऊज शिवायला टाकलं होतं, त्याची पावती तिच्या पर्समध्ये सापडली. शिंपी म्हणाला, "ताई नाही आल्या?" मी "नाही" म्हणालो आणि ब्लाऊज घेऊन आलो. सांगायला पाहिजे होतं, पण दुकानात गिऱ्हाईकं होती.

पथ्याबद्दल. तुम्ही ते घेऊ नये असं मला वाटतं. तिची गोष्ट वेगळी होती. तुमच्या वयाला फळ लागतं. घरची मोसंबी आहे तर रोज एक खा. वरणावर लिंबू पिळा, पण वरण उतरवल्यावर पिळा, उकळताना नको. पेरू चावत नसेल तर बारीक चिरून, बिया काढून खा. आवळा आला असेल. कोथिंबीर कच्चीच वरून घालावी. पालेभाजी फार शिजवू नये. गुडघ्याचा आणि आंबटाचा संबंध नसतो.

हे मी पेपरात वाचलं. म्हणून लिहितो.

माझं ठीक चाललं आहे. पाव लिटर दूध घेतो. चहाबद्दल ती तुमच्याशी बोलायची हे मला माहीत नव्हतं.

आपला,
इंद्रजीत


मळा, फुलंब्री
सोमवार, १९ जानेवारी २०२६

इंद्रजीतराव,
जयभीम.

दोन महिने लिहिलं नाय. तुम्ही काळजीत असाल म्हणून कडुबाला सांगून ठेवलं होतं की बरं हाय म्हण. बरं नाय. उठबस होत नाय.

तुमचं ते पत्र वाचून मी अप्पारावला म्हणले, आपले मेहुणे दवाखाना काढणार वाटतं. बावीस वर्षं संसार केला... चुकले, बत्तीस वर्षं. त्यात तुम्ही कधी भाजीत मीठ कमी हाय असं बोलले नाय आन् आता पेरूच्या बिया काढायला लागले! इंद्रजीतराव, मी पंचवीस वर्षं अंगणवाडी चालवलीय. भिंतीवर लिंबू, आवळा, पेरूचं चित्र मीच लावलेलं. गरोदर बायांना मी तोंडपाठ म्हणून दाखवायचे, क जीवनसत्त्व कशात असतं, कशाला लागतं. ते लेकरांसाठी असतं, धडधाकट माणसासाठी. दुखणाऱ्याला पथ्य. ह्या दोन वेगळ्या गोष्टी हायत.

दुखणं वाढलंय. उजवा गुडघा सुजून तटतटलाय. मांडीवर, पोटऱ्यांवर निळे डाग उठतात, कुठं आपटल्याचं आठवत नाय. दात घासले की रक्त येतं, दोन दात हलतायत. केस नुसते गळतात. म्हणून आता पथ्य आणखी कडक केलंय, दही बंद होतं तरी ताजा गोड मठ्ठा घ्यायचे, तोही सोडला. भागूबाईचा हात मोडलाय पलीकडच्या मळ्यातल्या, तिलाही सांगितलंय, रत्नीसारखं मन घट्ट कर, आंबटाला शिवू नको. ती करते बिचारी.

जास्त लिहवत नाय. बोटं दुखतात.

मनकर्णा


मुकुंदवाडी
रविवार, २५ जानेवारी

आदरणीय अक्का,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. त्याच दिवशी अप्पारावांना फोन केला की तुम्हाला उद्याच दवाखान्यात न्या आणि घरात असेल ती मोसंबी आधी खाऊ घाला. काल त्यांचा फोन आला. म्हणाले, "ती म्हणते, कारण सांगितल्याशिवाय तोंड उघडणार नाही. बहिणीचं पथ्य मोडायचं तर कारण पाहिजे. तुम्हीच काय ते लिहा, माझं डोकं चालत नाही."

म्हणून लिहितो. खरं तर समोर येऊन सांगायला पाहिजे. पण तुम्हाला ओरडून सांगावं लागलं असतं आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

डॉक्टरबाई सहीबद्दल बोलल्या नव्हत्या. त्यांनी रत्नमालाच्या हिरड्या पाहिल्या, पायावरचे निळे डाग पाहिले, केसांच्या मुळाशी बारीक लाल ठिपके पाहिले. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, यांच्या जेवणात काय असतं? लिंबू, पेरू, आवळा, असं काही?"

मी म्हणालो, "काहीच नाही डॉक्टर. पूर्ण बंद आहे." आणि बोटं मोजून सगळी यादी सांगितली. लिंबू बंद, चिंच बंद, टोमॅटो बंद, दही बंद, कैरी, मोसंबी, पेरू, आवळा, पालेभाजी. आठ महिने एकदाही मोडलं नाही असंही सांगितलं. अक्का, मला वाटलं होतं त्या म्हणतील, चांगलं केलं. इतकं कडक पथ्य कोणी पाळत नाही. मला ते सांगताना बरं वाटत होतं.

त्या लिहीत होत्या. लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, "काका, जखम म्हणूनच भरत नाहीये."

मग त्यांनी समजावून सांगितलं. क जीवनसत्त्व आपलं शरीर स्वतः बनवत नाही आणि फार दिवस साठवूनही ठेवत नाही. रोज थोडं बाहेरून लागतं. ते नसलं की जखम सांधली जात नाही, हिरड्या सुजून रक्त येतं, कातडीखाली रक्त उतरून डाग पडतात, सांधे सुजतात. जुनी भरलेली जखमसुद्धा उघडते. पूर्वी समुद्रावर महिनोन् महिने राहणाऱ्या खलाशांना हे व्हायचं, आता क्वचित दिसतं, असं म्हणाल्या. शिजवलं की बरंचसं निघून जातं. रोजचा एक पेरू किंवा एक मोसंबी पुरली असती. त्यांनी लगेच गोळ्या सुरू केल्या. पण तोपर्यंत जंतू रक्तात गेलेले होते.

मी त्यांना विचारलं, यामुळेच का. त्यांनी खोटं सांगितलं नाही आणि मला दोषही दिला नाही. म्हणाल्या, नुसतं यामुळेच असं म्हणता येणार नाही, वय होतं, जंतुसंसर्ग होता. पण जखम भरली असती तर तो आत जाण्याचा रस्ता बंद झाला असता. दोन महिने आधी आणलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं. "कदाचित" हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. तो मी धरून ठेवला आहे, पण त्याचा उपयोग होत नाही.

आता महत्त्वाचं. होळीच्या वेळी तिला लागलं तेव्हा तुम्ही पत्रात फक्त लिंबू आणि चिंच एवढंच लिहिलं होतं. बाकीची यादी मी वाढवली. जखम भरत नव्हती म्हणून दर महिन्याला एक-एक गोष्ट मीच बंद केली. चितेगावला कंपनीच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काढली, यादी लिहून लावायची आणि ती पाळायची सवय होती. स्वयंपाकघरात फडताळाच्या दारावर कागद चिकटवला तो माझ्या हातचा. तेव्हा ही चूक माझी आहे. तुमची नाही. हे मी साफ लिहितो आहे, म्हणजे तुम्ही मनात काही घेऊ नये.

आपण नवस सोडले, अंगारे सोडले, उपास सोडले. आजारपणात आंबट बंद करायचं मात्र आपण कुणालाच विचारलं नाही.

तुम्हाला जे झालं आहे ते तिला झालं होतं तेच आहे. सुरुवात अशीच होती. गोळ्यांनी आणि फळांनी ते आठ-पंधरा दिवसांत सुधारतं असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. पत्र वाचून झालं की उठा आणि एक मोसंबी खा. भागूबाईंनाही आजच सांगा.

आपला,
इंद्रजीत


मुकुंदवाडी
रविवार, ८ मार्च

आदरणीय अक्का,
सप्रेम जयभीम.

सहा आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. कडुबा म्हणतो तुम्ही हिंडता-फिरता. अप्पाराव फोनवर म्हणाले, "गोळ्या घेते, भागूबाईला लिंबू नेऊन देते, बोलत नाही कुणाशी."

रागावला असाल तर तसं लिहा. चार ओळी पुरे.

इंद्रजीत


मळा, फुलंब्री
रविवार, १५ मार्च

इंद्रजीतराव,
जयभीम.

रागावले नाय. लिहायला बसले की दोन ओळींच्या पुढं जात नव्हतं.

तुमचं पत्र वाचल्यावर दुसऱ्या दिवशी अप्पारावनं मला जीपमध्ये घातलं आन् दवाखान्यात नेलं. गोळ्या दिल्या. चार दिवसांत हिरड्यांचं रक्त थांबलं. पंधरा दिवसांत गुडघा उतरला, डाग फिके झाले. एवढ्याशा गोळीनं. मला बरं वाटायला लागलं तसं माझं मन खाली गेलं. रोज थोडी बरी होत होते आन् रोज कळत होतं की तीही अशीच बरी झाली असती.

भागूबाईला सांगून आले. तिचा हात जुळतोय. ती म्हणाली, "बाई, तुम्हीच बंद सांगितलं, तुम्हीच चालू सांगता, आम्ही करावं काय?" लिंबं तिच्या पदरात टाकली आन् आले.

आता तुमचं खोटं. इंद्रजीतराव, मला ऐकू येत नाय, पण मला सगळं आठवतं. होळीच्या त्या पत्रात मी लिंबू आन् चिंच एवढंच लिहिलं नव्हतं. मी नऊ गोष्टी लिहिल्या होत्या. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, आपल्या बागेतली मोसंबीसुद्धा नको, गोड लागली तरी आंबटच ती. तुम्ही एक अक्षर वाढवलं नाय. माझा कागद बघूनच तुम्ही तुमचा कागद लिहिला. मला वाचवायला खोटं लिहिलंत. मला तसं वाचायचं नाय. माझ्या बहिणीला मी सांगितलं ते माझंच ऱ्हाऊ द्या.

तुम्हाला न सांगितलेलं एक मीही सांगते. ऑगस्टात ती इथं आली होती दोन दिवस, लंगडत. बागेत तोड चालली होती. ती झाडाखाली उभी ऱ्हायली, एक मोसंबी तोडली आन् नाकाला लावली. मला म्हणाली, "अक्का, एक खाऊ का गं? लई मन होतंय. भूक लागल्यासारखं नाय, दुसरंच काहीतरी होतंय." मी तिच्या हातातून ती काढून घेतली. म्हणले, एवढे दिवस पाळलंस आन् आता जिभेपायी मोडतीस? ती हसली. म्हणाली, "बरं बाई, ऱ्हाऊ दे." तिचं अंग मागत होतं, इंद्रजीतराव. मी पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या लेकरांची वजनं केली, मला माझी बहीण वाळलेली दिसली नाय.

गोळी मी गिळते. फळ अजून तोंडाला लावू शकत नाय. अप्पाराव फोडी करून ताटलीत ठेवतो, सुकल्या की शेळीला घालतो.

एकच विचारते. खरं लिहा, मला बरं वाटावं म्हणून लिहू नका. जायच्या आधी तिच्या तोंडात काही आंबट गेलं का?

मनकर्णा


मुकुंदवाडी
रविवार, २२ मार्च

आदरणीय अक्का,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. खरं लिहितो.

तुमचं होळीचं पत्र मी फाडलं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, विशाखा उठायच्या आधी. तिच्या हाती लागलं असतं तर तिने तुम्हाला आयुष्यभर दोषी धरलं असतं. फाडताना नऊ गोष्टी होत्या हे मलाही माहीत होतं. तुमचं तुमच्याकडे राहू द्या म्हणता, ठीक आहे. माझं माझ्याकडे आहे, ते असं.

ऑगस्टात ती तुमच्याकडून परत आली तेव्हा मी तिची पिशवी रिकामी केली. कपड्यांच्या खाली दोन मोसंब्या होत्या. तुम्ही हातातली काढून घेतल्यावर तिने त्या गुपचूप घातल्या असतील. मी त्या बाहेर काढून ओट्यावर ठेवल्या. ती म्हणाली, "नुसत्या वासाला आणल्यात हो." मी दोन्ही उचलून शेजारी देऊन आलो. ती दारात उभी राहून बघत होती. त्यानंतर मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तुम्हाला माहीत आहे, मी तसाही कमी बोलतो, पण हे मुद्दाम होतं आणि तिला ते कळत होतं. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच म्हटलं, "पुन्हा नाही आणणार, बोला आता." मग मी बोललो.

तेव्हा जखम तळहाताएवढी नव्हती. पुढच्या दोन महिन्यांत झाली.

आता तुम्ही विचारलं ते. गेलं. सोमवारी, म्हणजे जायच्या आदल्या दिवशी. तुम्ही खाली चहा प्यायला गेला होता. डॉक्टरबाईंनी सांगितल्यावर मी बाहेरच्या गाड्यावरून मोसंबीचा रस आणला होता, बर्फ न घालता. ग्लास तोंडाजवळ नेला तर तिने तोंड मिटून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "पी. चालतं आता." तिला खरं वाटेना. दोनदा सांगावं लागलं. मग अर्धा ग्लास प्यायली. सावकाश. खाली ठेवू दिला नाही, हातातच धरून ठेवला. गालाला थोडा रंग आल्यासारखा वाटला, तो खरा होता की मला वाटलं ते सांगता येत नाही. म्हणाली, "गोड आहे." मग म्हणाली, "अक्काला सांगू नका."

मी तुम्हाला इतके दिवस सांगितलं नाही ते तिने सांगितलं होतं म्हणून नाही. ते कारण नव्हतं. माझ्याने होत नव्हतं.

उरलेला अर्धा ग्लास मी प्यायलो. टाकून देववेना.

तुम्ही गोळ्या सोडू नका. फळाचं मी पुन्हा लिहिणार नाही. अप्पाराव फोडी करून ठेवतात ते त्यांना ठेवू द्या.

तुम्ही पत्रात माझी तब्येत विचारली नाही, पण अप्पारावांनी फोनवर विचारली. मी ठीक आहे. सकाळी फिरायला जातो, भाकरी जमायला लागली आहे, कडा फुटतात. बुद्धपौर्णिमेला विशाखा येणार आहे. तुम्ही आलात तर तिला बरं वाटेल. तिला काय सांगायचं ते आपण दोघांनी मिळून ठरवू. न सांगणं मला जमणार नाही असं दिसतं.

आज आमच्या गल्लीत नळाचा दिवस आहे, आठव्या दिवशी पाणी आलं. वरची टाकी भरायची असते. पूर्वी ती गच्चीवर उभी राहायची आणि टाकी भरली की वरून आवाज द्यायची, मग मी खाली मोटार बंद करायचो. आता मी मोटार लावून वर जातो, टाकीत हात घालून पाणी कुठवर आलं ते बघतो आणि खाली येतो. तीन-चार खेपा होतात. लिहायला बसण्याआधी मोटार लावली होती. वर जाऊन बघून येतो.

इंद्रजीत